विंडोज आणि उबुंटू एकाच संगणकावर: आपोआप विंडोज सुरू व्हावे, यासाठी नेमका बदल कुठे करावा?

प्रश्न – अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी एकच डेस्कटॉप संगणक आहे आणि तो बाबा व मी असे दोघेही वापरतो. बाबांचा सुताचा आणि टेरी टॉवेलचा व्यापार आहे. पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्यांची बिले, येणी-देणी, जीएसटीची विवरणपत्रे हे सगळे ते टॅलीमध्ये, म्हणजे विंडोज 11 वर करतात. मला अभ्यासक्रमासाठी लिनक्स लागते, म्हणून गेल्या महिन्यात मी त्याच संगणकावर उबुंटू 24.04 बसवले. विंडोज 256 जीबीच्या एसएसडीवर आहे आणि 1 टीबीच्या हार्ड डिस्कवर जागा मोकळी करून उबुंटू ठेवले आहे. दोन्ही सिस्टीम व्यवस्थित चालतात.

अडचण सकाळची आहे. बाबा बटण दाबून संगणक सुरू करतात आणि तो तयार होईपर्यंत देवघरात दिवा लावायला जातात. पडद्यावर यादी येते, दहा सेकंद उलटे मोजले जातात आणि कोणी काहीच दाबले नाही तर उबुंटू सुरू होते. बाबा परत येतात तेव्हा समोर माझे नाव आणि पासवर्डची चौकट असते. मग ते बटण दाबून धरून संगणक बंद करतात आणि पुन्हा सुरू करून यादीपाशी थांबून राहतात. बाबा मला रागावत नाहीत, पण रोज असे जबरदस्तीने बंद केल्याने डिस्कचे नुकसान होईल, याची मला काळजी वाटते.

विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून ‘बूट’ या टॅबवर मी पाहिले. तिथे फक्त विंडोज 11 दिसते आणि त्याच्यापुढे ‘डिफॉल्ट ओएस’ (आपोआप सुरू होणारी सिस्टीम) असे आधीपासूनच लिहिलेले आहे. मग संगणक ते का मानत नाही? दुसरीकडे मी वाचले की उबुंटूच्या एका फाइलमध्ये शून्याच्या जागी दुसरा आकडा लिहायचा असतो. विवरणपत्रांसाठी 11 आणि 20 या तारखा पाळाव्या लागतात, त्यामुळे काही बिघडले तर बाबांचे काम अडेल. म्हणून आधी विचारते आणि मगच हात लावते.

उत्तर – विद्यार्थी, विजापूर रस्ता

उपाय सोपा आहे. सुरुवातीची ती यादी ‘ग्रब’ नावाचा प्रोग्राम दाखवतो. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ ही त्याची फाइल उघडावी, ‘ग्रब_डिफॉल्ट’ या ओळीत शून्याच्या जागी ‘सेव्हड’ लिहावे, त्याखाली ‘ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू’ ही नवी ओळ घालावी आणि शेवटी ‘सुडो अपडेट-ग्रब’ ही कमांड चालवावी. त्यानंतर यादीतून जी सिस्टीम आपण शेवटची निवडली असेल, तीच पुढच्या वेळी आपोआप सुरू होते. माझ्या लॅपटॉपवर दोन वर्षे हेच चालू आहे.

उत्तर – संगणक दुरुस्तीचे काम करणारा, नवी पेठ

वरचा उपाय तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. परंतु तो एकट्याने वापरल्या जाणाऱ्या संगणकाचा आहे. ताईंनी रात्री उबुंटूवर अभ्यास केला की ‘सेव्हड’मुळे सकाळी वडिलांसमोर पुन्हा उबुंटूच येईल, आणि आज असलेली अडचण तशीच राहील. दोन माणसे वापरत असलेल्या संगणकावर डिफॉल्ट हे कालच्या वापरावर न ठरता कायमचे ठरलेले असावे, असे माझे मत आहे.

आता मूळ शंकेकडे येतो. एमएसकॉन्फिगमध्ये विंडोज डिफॉल्ट असूनही उबुंटू का सुरू होते? कारण सुरुवात कशाने करायची, हा निर्णय एकाच ठिकाणी होत नाही. तो तीन ठिकाणी, एकामागून एक होतो. बटण दाबल्यावर प्रथम मदरबोर्डवरचे यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच साठवलेले सुरुवातीचे सॉफ्टवेअर, जागे होते. त्याच्या स्वतःच्या कायमस्वरूपी मेमरीत ‘बूट ऑर्डर’ नावाचा क्रम नोंदलेला असतो. उबुंटू बसवताना या क्रमात ‘उबुंटू’ ही नोंद सर्वांत वर गेली, म्हणून फर्मवेअर आधी ग्रबला हाक मारते. ग्रब म्हणजे तुम्हाला दिसणारी ती यादी. यादीतून विंडोज निवडले, तर ग्रब पुढचे काम ‘विंडोज बूट मॅनेजर’कडे सोपवतो, आणि एमएसकॉन्फिगमधली नोंद फक्त तिथे, म्हणजे तिसऱ्या टप्प्यावर वाचली जाते. एका संगणकावर विंडोज 10 आणि विंडोज 11 अशी जोडी असती, तर तुम्ही पाहिलेला तो टॅब अगदी योग्य जागा ठरला असता. ग्रबने विंडोजपर्यंत जाऊच दिले नाही, तर तिथे काय लिहिले आहे याला काही अर्थ उरत नाही.

म्हणून तुमच्यासाठी बदलाच्या जागा दोनच आहेत: ग्रब किंवा फर्मवेअर. मी ग्रबची रीत सांगतो. येथे सर्व कमांड देवनागरीत लिहीत आहे. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत टाइप कराव्यात, आणि फाइलमधील ‘ग्रब_डिफॉल्ट’सारखी नावे मोठ्या लिपीत असतात, ती तशीच ठेवावीत.

बदलाआधी फाइलची एक प्रत दुसऱ्या नावाने काढून ठेवा. मग ‘सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ने फाइल उघडा. ‘ग्रब_डिफॉल्ट=0’ यातील शून्य म्हणजे यादीतील पहिली ओळ; ग्रब शून्यापासून मोजतो, त्यामुळे विंडोज पाचव्या ओळीत असेल तर त्याचा आकडा 4 होतो. इथेच अनेकांची एका ओळीची चूक होते आणि विंडोजऐवजी मेमरी टेस्ट सुरू होते. तरीही आकडा वापरू नका, असाच माझा सल्ला आहे. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) प्रत्येक अपडेटने आकडा सरकतो असे म्हणतात, ते आजच्या उबुंटूबाबत खरे नाही, कारण जुने कर्नल ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ या पोटयादीत जातात. पण मेमरी टेस्टचे पॅकेज बसले किंवा काढले, तर विंडोजच्या वरच्या ओळी कमी-जास्त होतात आणि आकडा चुकतो.

आकड्याऐवजी यादीतले पूर्ण नाव अवतरणचिन्हांत लिहिता येते. तुमच्याकडे दोन डिस्क असल्यामुळे त्यातही एक अडचण आहे. ते नाव ‘विंडोज बूट मॅनेजर (ऑन /डेव्ह/एसडीए1)’ असे काहीसे असते, आणि एसडीए, एसडीबी ही नावे डिस्क कोणत्या क्रमाने ओळखल्या गेल्या यावर ठरतात. वायर इकडची तिकडे झाली किंवा आणखी एक डिस्क लावली, तर एसडीएचे एसडीबी होऊ शकते. यापेक्षा टिकाऊ अशी तिसरी गोष्ट आहे, ती म्हणजे त्या नोंदीची ओळख. ‘सुडो ग्रेप ओएसप्रोबर /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी’ ही कमांड चालवल्यावर विंडोजच्या ओळीच्या शेवटी ‘ओएसप्रोबर-ईएफआय-’ आणि त्यापुढे आठ अक्षर-अंकांचा गट दिसेल. हा गट डिस्कवरील त्या विभागाच्या स्वतःच्या क्रमांकावरून येतो, त्यामुळे डिस्कचा क्रम बदलला तरी तो तोच राहतो. ही पूर्ण ओळख ‘ग्रब_डिफॉल्ट=’पुढे अवतरणचिन्हांत लिहा, फाइल जतन करा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. ही शेवटची कमांड विसरली, तर फाइलमधला बदल यादीपर्यंत पोहोचतच नाही.

ती कमांड चालताना पडद्याकडे नीट पाहा. ‘फाउंड विंडोज बूट मॅनेजर’ अशी ओळ दिसली पाहिजे. त्याऐवजी ‘ओएस-प्रोबर चालवला जाणार नाही’ अशा अर्थाचा इशारा आला, तर तिथेच थांबा. 2021 मध्ये आलेल्या ग्रब 2.06 पासून इतर सिस्टीम शोधण्याचे हे काम मूळ मांडणीत बंद ठेवलेले आहे. ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ त्याच फाइलमध्ये घालून कमांड पुन्हा चालवावी, म्हणजे विंडोज यादीत येईल.

‘ग्रब कस्टमायझर’ नावाचे चित्रमय साधन कोणी सुचवले, तर ते टाळा. ते ग्रबच्या मूळ स्क्रिप्टची मांडणीच बदलते, आणि नंतर काही बिघडल्यास मूळ स्थितीत आणणे फार किचकट होते. एका ओळीच्या बदलासाठी एवढी उलथापालथ करण्याची गरज नाही.

आणि आज संध्याकाळीच वडिलांना एक गोष्ट दाखवा: उबुंटूच्या पासवर्डच्या पडद्यावर वर उजव्या कोपऱ्यात बंद करण्याचे चिन्ह असते आणि तिथून पासवर्डशिवाय ‘रीस्टार्ट’ करता येते. बटण दाबून धरण्याची आवश्यकता नाही.

उत्तर – महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळेची प्रमुख, सोलापूर

वरील उत्तर सविस्तर आहे. तरीही या घरासाठी मी फर्मवेअरचा मार्ग आधी सुचवीन. वडिलांना यादीची गरजच नाही. त्यांना बटण दाबल्यावर विंडोज हवे आहे. मग त्यांच्या आणि विंडोजच्या मध्ये ग्रब कशासाठी ठेवावा?

यामागे माझा एक अनुभव आहे. आमच्या प्रयोगशाळेतील काही संगणकांवर मी विंडोज ग्रबमार्फतच सुरू होईल अशी व्यवस्था केली होती. त्यांतील दोन संगणकांवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू होते, हे मी तपासले नव्हते. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी त्या दोन्ही संगणकांवर निळा पडदा आला आणि 48 अंकांची रिकव्हरी की मागितली गेली. मुले रांगेत उभी होती आणि की कोणत्या खात्यात जपलेली आहे, हे कोणालाच माहीत नव्हते. संगणक सुरू होताना एकामागून एक काय काय चालले, या साखळीची खूण बिटलॉकर टीपीएम या सुरक्षेच्या चिपमध्ये ताडून पाहतो. विंडोजच्या आधी ग्रब आला की ती साखळी बदललेली दिसते आणि तो की मागू शकतो. चूक माझी होती. बदलाआधी पाहायला हवे होते ते मी पाहिले नव्हते. म्हणून आपण काहीही करण्याआधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर चालू आहे का, ते पाहा. घरगुती आवृत्तीतही ते चालू असू शकते. चालू असेल तर रिकव्हरी की वडिलांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून मिळवून कागदावर लिहून ठेवा.

आता रीत. संगणक सुरू करताना डिलीट किंवा एफ2 ही कळ दाबून सेटअपमध्ये जावे. मदरबोर्डप्रमाणे कळ वेगळी असू शकते. उबुंटूतून ‘सिस्टमसीटीएल रीबूट --फर्मवेअर-सेटअप’ ही कमांड दिली तर कळीची धावपळ न करता थेट तिथे पोहोचता येते. ‘बूट’ या विभागात क्रमाची यादी असते. तिथे ‘विंडोज बूट मॅनेजर’ ‘उबुंटू’च्या वर आणावे, एफ10ने जतन करावे आणि बाहेर पडावे. एवढेच काम आहे. ग्रबची फाइल, विंडोजची नोंद, कशालाही हात लागत नाही, आणि क्रम परत फिरवणे तितकेच सोपे आहे.

मग आपल्याला उबुंटू हवे असेल तेव्हा काय करावे? विंडोज चालू असताना सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी असे जाऊन ‘ॲडव्हान्स्ड स्टार्टअप’समोरील ‘रीस्टार्ट नाऊ’ दाबावे. निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ निवडले की ‘उबुंटू’ ही नोंद दिसते. बहुतेक संगणकांवर ही सोय असते. ही निवड त्या एका वेळेपुरतीच असते. पुढच्या वेळी पुन्हा विंडोजच सुरू होते. बंद संगणकावरून थेट उबुंटूत जायचे असेल तर सुरू होताना एफ12, एफ11 किंवा एफ8, जी कळ आपल्या बोर्डासाठी असेल ती, दाबून एकवेळची यादी उघडता येते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर, मॅडम, दोघांचेही मनापासून आभार. तीन टप्प्यांचे स्पष्टीकरण वाचल्यावर एमएसकॉन्फिगचा घोळ माझ्या लक्षात आला.

मॅडमनी सांगितल्याप्रमाणे आधी तपासले, तर डिव्हाइस एन्क्रिप्शन खरोखरच चालू होते. रिकव्हरी की बाबांच्या खात्यात मिळाली. ती मी कागदावर उतरवली, बाबांनी अंक मोठ्याने वाचले आणि मी दुसऱ्यांदा ताडून पाहिले, आणि तो कागद आता त्यांच्या खतावणीच्या पहिल्या पानाला चिकटवलेला आहे. त्यानंतर सेटअपमध्ये जाऊन विंडोज वर आणले. आज सलग तिसरी सकाळ आहे. बाबा दिवा लावून आले तेव्हा विंडोजचा पडदा तयार होता.

दोन गोष्टी मात्र राहिल्या आहेत. हार्ड डिस्कच्या ज्या भागात बाबांची स्कॅन केलेली बिले असतात, तो भाग उबुंटूतून उघडतो, पण त्यात काही जतन करता येत नाही. आणि उबुंटू वापरून झाल्यावर विंडोज उघडले की घड्याळ मागे जाते. काल सकाळी दहा वाजता ते साडेचार दाखवत होते. हे माझ्या बदलामुळे झाले का?

उत्तर – संगणक दुरुस्तीचे काम करणारा, नवी पेठ

क्रम बदलल्याचा या दोन्हींशी संबंध नाही. दोन सिस्टीम एका संगणकावर नांदू लागल्या की या गोष्टी बहुधा समोर येतातच.

पहिली गोष्ट विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’ची आहे. ते चालू असताना ‘शट डाऊन’ केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर गोठवून ठेवते आणि एनटीएफएसचे (विंडोजच्या फाइल-रचनेचे) विभाग अर्धवट उघडे राहतात. उबुंटूला हे कळते आणि ते तो विभाग फक्त वाचण्यापुरता उघडते. हे तुमच्या बिलांच्या संरक्षणासाठीच आहे, त्यामुळे जबरदस्तीने लिहिण्याचा कोणताही उपाय करू नका. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ येथे जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा, आणि एकदा पूर्ण शट डाऊन करा. एसएसडी असल्यामुळे सुरू होण्याच्या वेळेत वडिलांना फारसा फरक जाणवणार नाही.

दुसरी गोष्ट: मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ ठेवते, तर उबुंटू जागतिक प्रमाणवेळ ठेवते. दोन्हींतला फरक साडेपाच तासांचा, म्हणून दहाचे साडेचार. उबुंटूत ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1’ ही कमांड एकदा दिली की उबुंटूही भारतीय वेळ मानू लागते. काही जाणकार हा मार्ग पसंत करत नाहीत, कारण जिथे उन्हाळ्यात घड्याळे पुढे-मागे करतात अशा देशांत त्यामुळे गोंधळ होतो. आपल्याकडे तसे होत नाही, आणि वडिलांच्या विंडोजच्या रजिस्ट्रीला (अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीला) हात लावण्यापेक्षा हे बरे. बिलांवर वेळ चुकीची पडू नये म्हणून हे आजच करा.

आता मॅडमच्या उपायाबद्दल एक भर घालतो. मी त्याच्याशी सहमत आहे, पण त्यात एक फट राहते. उबुंटूमध्ये ग्रबचे पॅकेज अपडेट होते, तेव्हा ते फर्मवेअरच्या क्रमात स्वतःची नोंद पुन्हा सर्वांत वर नेऊ शकते. असे झाले तर एखाद्या सकाळी वडिलांना अचानक जुनीच यादी दिसेल. म्हणून दोन्ही ठिकाणी विंडोजच ठेवा: फर्मवेअरमध्ये तुम्ही ठेवलेच आहे, ग्रबमध्येही मी सांगितलेली ओळख लिहून ठेवा. क्रम उलटला तरी दहा सेकंदांनंतर ग्रब विंडोजकडेच जाईल. त्या दिवशी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, म्हणून खतावणीतला तो कागद तिथेच राहू द्या. सध्याचा क्रम काय आहे ते उबुंटूत ‘ईएफआयबूटएमजीआर’ ही कमांड दाखवते. मोठे अपडेट झाल्यावर ती एकदा चालवून ‘बूटऑर्डर’ची ओळ पाहण्याची सवय ठेवा.

प्रश्न – लघुउद्योजक, अक्कलकोट रस्ता एमआयडीसी

याच विषयातली माझीही एक शंका आहे. आमच्या कारखान्यातल्या संगणकावर ग्रबची यादी 5 सेकंद थांबेल असे ठरवलेले आहे. एरवी ती तेवढीच थांबते, पण वीज जाऊन-येऊन झाल्यावर एखाद्या वेळी 30 सेकंद थांबते. सेटिंग कोणी बदललेले नाही. असे का होते?

उत्तर – महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळेची प्रमुख, सोलापूर

उबुंटू सुरू करताना ग्रब आधी ‘हा प्रयत्न पूर्ण झालेला नाही’ अशी खूण करून ठेवतो आणि सिस्टीम व्यवस्थित वर आली की ती खूण पुसली जाते. वीज आली, संगणक सुरू झाला आणि उबुंटू वर येण्याच्या आतच वीज पुन्हा गेली, तर खूण तशीच राहते. पुढच्या वेळी ग्रबला मागचा प्रयत्न फसल्याचे दिसते आणि आपल्याला दुसरा पर्याय निवडता यावा म्हणून तो 30 सेकंद थांबतो. ‘ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट=5’ ही ओळ त्याच फाइलमध्ये घालून ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवल्यास तेव्हाही तो पाचच सेकंद थांबेल. मात्र ते शून्य करू नये. खरोखरच बिघाड झाल्यास यादी पाहायला वेळ उरला पाहिजे. यादी दिसत असताना बाणाची कळ एकदा दाबली की सेकंद मोजणे थांबते, हेही कारखान्यातल्या सर्वांना सांगून ठेवावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

फास्ट स्टार्टअप बंद केले आणि बिलांच्या विभागात आता उबुंटूतून जतन करता येते. घड्याळही बरोबर चालते. ग्रबमध्ये ओळख लिहिली. ‘फाउंड विंडोज बूट मॅनेजर’ ही ओळ दिसली. मुद्दाम तपासण्यासाठी फर्मवेअरच्या क्रमात उबुंटू एकदा वर नेऊन पाहिले, तर दहा सेकंदांनंतर ग्रबने विंडोजच निवडले आणि खरोखरच 48 अंक मागितले गेले. बाबांनी खतावणी उघडून ते स्वतः टाइप केले. त्यानंतर क्रम पुन्हा पूर्ववत केला आहे.